खांद्याच्या टेंडनचा व्यायाम: वजन कधी आणि कसं वाढवत न्यायचं

खांदा दुखतो म्हणून माझ्याकडे जे लोक येतात त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी पिवळा रबर बँड आधीपासूनच असतो. कुणीतरी व्यायाम शिकवलेले असतात, कागदावर चित्रं काढून दिलेली असतात आणि माणूस खरंच मनापासून करत असतो. मी विचारते, कधीपासून करताय? चार-पाच महिने झाले. बँड कोणता? तोच पिवळा. किती वेळा? दहा वेळा, सांगितलं होतं ना तेवढंच. म्हणजे पहिल्या आठवड्यात खांद्याला जेवढं काम दिलं तेवढंच आजही देताय आणि मग वाटतंय की व्यायामाने काही होत नाही. कसं होणार? टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जिथे चिकटतो त्या दोरीसारख्या भागाला, आणखी ताकद कमवायची गरजच पडलेली नाही. माझ्या मते खांद्याच्या टेंडनच्या दुखण्यात कोणता व्यायाम निवडला ह्याच्यावर लोक फार डोकं लावतात आणि तो वाढवत कसा न्यायचा हे कुणी नीट सांगतच नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आमच्या बडोद्यात खांदे दुखायचे सीझन ठरलेले आहेत. नवरात्रात रोज रात्री गरबा, दिवाळीच्या आधी माळ्यावरचे डबे काढणं आणि पंखे पुसणं, आणि मग उत्तरायण म्हणजे संक्रांतीची पतंगबाजी, १४ जानेवारी आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, दोन दिवस गच्चीवर मान वर हात वर, दोरी खेच, ढील दे, परत खेच, शेकडो वेळा. वर्षभर हात डोक्याच्या वर गेलेला नसतो आणि एकदम दोन दिवसांत वर्षभराचं काम काढलं जातं. टेंडनचं दुखणं बहुतेक वेळा असंच सुरू होतं, काम आणि सवय ह्यांच्यातलं अंतर एकदम वाढलं की. बरं करायचा रस्ताही तिथेच आहे, ते अंतर हळूहळू भरून काढायचं.

आधी हेच दुखणं आहे ना ते बघा

खांद्याची वाटी उथळ असते आणि दंडाच्या हाडाचा गोळा मोठा असतो, म्हणून गोळा जागेवर धरून ठेवायला खवाट्यापासून, म्हणजे पाठीवरच्या चपट्या त्रिकोणी हाडापासून, निघणारे चार छोटे स्नायू असतात, सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. ह्यांच्या टेंडनमध्ये सुप्रास्पायनेटसचं टेंडन सगळ्यात जास्त वेळा त्रास देतं. दुखतं साधारण दंडाच्या बाहेरच्या बाजूला, बाजूने हात वर नेताना मधल्या टप्प्यात, अंदाजे ६० ते १२० अंशांमध्ये जास्त, त्या कुशीवर झोपलं की जाग येते, वरच्या फळीवरचा डबा काढताना कळ येते, बायकांना मागे हात नेऊन हुक लावताना त्रास होतो.

आता फ्रोझन शोल्डर, म्हणजे सांधाच आखडून हात फिरेनासा होतो ते दुखणं, ह्याच्यापासून वेगळा ओळखायला शिका कारण दोघांची वाट वेगळी आहे. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि हात बाहेरच्या बाजूला फिरवा. स्वतःहून जात नसेल तर घरच्या कुणाला तरी हलकेच फिरवायला सांगा. दुसऱ्याने फिरवूनही हात अडतोय, दुसऱ्या हाताच्या निम्माही जात नाहीये, तर ते फ्रोझन शोल्डर असू शकतं किंवा सांध्याची झीज असू शकते, त्यासाठी आधी दाखवून या. डायबिटीस असलेल्यांना फ्रोझन शोल्डर जास्त होतो आणि आपल्याकडे घरटी एकाला तरी शुगर आहे त्यामुळे ही तपासणी टाळू नका.

आणि काही गोष्टींत व्यायामाचा विचारसुद्धा करायचा नाही, सरळ डॉक्टर. गाडीवरून किंवा जिन्यात पडलात आणि त्या क्षणापासून हात उचलताच येत नाहीये, ह्यात टेंडन पूर्ण तुटलेलं असू शकतं आणि उशीर केला तर पुढे अवघड जातं. खांदा लाल, गरम आणि अंगात ताप. खांद्यात गाठ, किंवा कारण नसताना वजन कमी होतंय. मानेतून हातात मुंग्या किंवा पंजाची ताकद गेल्यासारखी. आणि डावा खांदा दुखतोय, सोबत छातीत दाब, घाम, दम, तर खांद्याचा विचार सोडा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

रिपोर्टमध्ये टेअर, म्हणजे टेंडन फाटलंय, असं लिहिलंय म्हणून घाबरलेले लोक खूप भेटतात. पार्शियल टेअर (अर्धवट फाटलेलं) हा शब्द वाचला की माणूस हात पोटाशी धरूनच फिरायला लागतो. २०११ मध्ये एक अभ्यास छापला गेला, खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या ४० ते ७० वयाच्या ५१ पुरुषांची सोनोग्राफी केली आणि ९६ टक्के लोकांच्या खांद्यात काही ना काही बिघाड दिसला. काहीही दुखत नसलेले लोक होते हे. वयाबरोबर केस पिकतात तसे टेंडनमध्येही बदल होतात, त्यामुळे रिपोर्ट बाजूला ठेवून हात काय करू शकतो आणि काय नाही ह्याच्याकडे बघा. दुखणं गेल्यावर एमआरआय परत काढायचीही गरज नसते, फोटोत तसंच दिसत राहतं आणि माणूस मस्त काम करत असतो.

ऑपरेशनबद्दल विचारतात म्हणून तेही सांगते. १९७२ मध्ये नीअर नावाच्या अमेरिकन सर्जनने मांडलं की खांद्याच्या वरच्या हाडाखाली टेंडन घासलं जातं, त्यावरून ते हाड तासायचं ऑपरेशन वर्षानुवर्षं चाललं. २०१८ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या ३१३ पेशंटचा अभ्यास आला, काहींचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून काही न तासता बाहेर काढली, आणि दोन्ही गटांना सारखाच फायदा झाला. म्हणजे तासल्यामुळे वेगळं काही मिळालं नाही. पडून टेंडन पूर्ण तुटलं असेल तर त्याची गोष्ट वेगळी, पण हळूहळू सुरू झालेल्या दुखण्यात आधी व्यायामाला नीट तीन महिने द्या असं मी प्रत्येकाला सांगते.

किती दुखलं तर चालेल

इथे सगळ्यात जास्त अडतं. एक काकू मला म्हणाल्या होत्या, "अगं दुखतंय म्हणून तर आले तुझ्याकडे, आणि तू मलाच बाटली उचलायला लावतेस?" मी म्हटलं, "काकू, थोडं दुखेल, पण उद्या सकाळी मला फोन करून सांगा की खांदा कालपेक्षा वाईट आहे का तसाच आहे." तसाच होता. मग परवा परत तेवढंच, आणि पुढच्या आठवड्यात थोडं जास्त.

हाच नियम तुम्ही लावायचा. दुखण्याला शून्य ते दहा मार्क द्या. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर बिनधास्त करा. चार-पाच असेल तर करा पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघा, खांदा नेहमीच्या जागेवर परत आलेला असला पाहिजे. पाचच्या वर गेलं, किंवा सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त ठणकतंय, किंवा रात्रीची झोप मोडली, तर पुढच्या वेळी काम कमी करायचं, साधारण एक तृतीयांश ते निम्मं कमी. बंद करायचं नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगतेय कारण बहुतेक लोक एकदा दुखलं की आठवडाभर सगळं सोडून देतात, मग परत पहिल्यापासून सुरू करतात, आणि असं करत करत वर्ष जातं.

सकाळची नोंद ठेवायला वेगळी वही नको, कालनिर्णयच्या चौकटीत दोन आकडे लिहा, व्यायाम करताना किती दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती. सोबत बाटलीचं वजन. महिन्याभराने ते पान बघितलं की कुठे वाढवलं आणि कुठे बिघडलं हे समोर दिसतं, आठवणीवर अवलंबून राहिलात तर फक्त वाईट दिवसच लक्षात राहतात.

पहिला टप्पा, खांदा चिडलेला असताना

रात्री झोप लागत नाहीये, चहाचा कप उचलला तरी कळ येते, अशा वेळी वजन नको. दाराच्या चौकटीजवळ उभं राहा, कोपर कमरेला आणि काटकोनात, मनगटाची बाहेरची बाजू चौकटीवर टेकवून बाहेर ढकला, हात हलणार नाही फक्त जोर लागेल, पूर्ण ताकदीच्या एक तृतीयांश ते निम्मा जोर. ३० ते ४५ सेकंद धरा, एक मिनिट थांबा, असं चार-पाच वेळा. मग वळून तळहाताच्या बाजूने आत ढकला तसंच. हे दिवसातून दोनदा चालतं. काहींना ह्याने लगेच मोकळं वाटतं, काहींना काहीच वाटत नाही, दोन्ही ठीक आहे, उद्देश इतकाच की स्नायूंनी काम सोडून देऊ नये.

जोडीला हालचाल. टॉवेल भिंतीवर धरून भिंत पुसल्यासारखा हात वर सरकवा, किंवा झाडूचा दांडा दोन्ही हातात धरून चांगल्या हाताने दुखरा हात वर न्यायचा. दुखतं तिथे एक क्षण थांबून परत. मागे हात नेऊन ओढायचे स्ट्रेच ह्या टप्प्यात नकोत, हुक लावायची हालचाल सगळ्यात शेवटी परत येते आणि तिच्यामागे आधी लागलात तर खांदा आणखी चिडतो.

झोपताना दुखऱ्या कुशीवर नको. पाठीवर झोपलात तर दंडाखाली छोटी उशी, दुसऱ्या कुशीवर झोपलात तर छातीशी एक उशी घेऊन त्यावर हात ठेवायचा. ऐकायला साधं आहे पण झोप सुधारली की अर्धी लढाई जिंकली.

दुसरा टप्पा, खरं काम इथे सुरू होतं

झोप बऱ्यापैकी लागतेय, रोजची कामं तीन-चार मार्कांच्या आत होतायत, की इथे या. सामान काय लागेल? एक लिटरची प्लास्टिकची बाटली आणि एक रबर बँड. बँड नसेल तर सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणा, कापून बांधा, चालते. बाटलीची मजा अशी आहे की पाणी पाव लिटर भरलं की पाव किलो, अर्धी भरली की अर्धा किलो, पूर्ण भरली की एक किलो, म्हणजे वजन वाढवायला डंबेल विकत घ्यायची गरज नाही. कोरडी रेती भरली तर तीच बाटली दीड किलोच्या आसपास जाते.

पहिला व्यायाम कुशीवर झोपून. चांगल्या कुशीवर झोपा, दुखरा हात वरती, कोपर काटकोनात आणि कोपराखाली टॉवेलची गुंडाळी. बाटली हातात धरून हात छताकडे फिरवा, दोन सेकंदात वर, एक सेकंद थांबा, तीन सेकंदात खाली. खाली आणताना घाई करू नका, टेंडनला खरं काम त्या हळू उतरण्यात मिळतं. बँड वापरायचा तर उभं राहून खिडकीच्या गजाला बांधा आणि तीच हालचाल करा, कोपराखाली टॉवेल असू दे.

दुसरा म्हणजे हात उचलणं. सरळ बाजूने पण नाही आणि सरळ पुढे पण नाही, मधल्या तिरक्या दिशेने, बाजूपेक्षा साधारण ३० अंश पुढे, अंगठा वर. जुन्या पुस्तकांत अंगठा खाली करून उचलायला सांगायचे, दुखऱ्या खांद्याला ते नको, अंगठा वर ठेवा. सुरुवातीला कोपर वाकवून उचला कारण हात जितका लांब तितकं खांद्याला वजन जास्त लागतं, मग कोपर सरळ करून रिकाम्या हाताने, मग बाटली घेऊन. आधी खांद्याच्या उंचीपर्यंत, मग वर.

तिसरा ओढायचा, बँड गजाला बांधून दोन्ही कोपरं मागे ओढायची आणि खवाटे एकमेकांच्या जवळ आणायचे. चौथा ढकलायचा, भिंतीवर हात टेकून जोर मारायचे, आणि हात सरळ झाल्यावर आणखी थोडं ढकलायचं म्हणजे खवाटा पुढे सरकतो. एवढे चार पुरेत. दहा-बारा व्यायामांची यादी घेऊन फिरणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं, कारण एवढं रोज कुणाच्याने होत नाही आणि मग सगळंच सुटतं.

हे दिवसाआड करा, रोज नाही. टेंडनला ताण दिला की पहिला दीडेक दिवस त्याच्यातलं कोलाजेन, म्हणजे टेंडन ज्या प्रोटीनचं बनलेलं असतं ते, बनण्यापेक्षा मोडतं जास्त, बनायचं काम त्याच्यानंतर पुढे जातं, त्यामुळे मधला एक दिवस हा व्यायामाचाच भाग आहे. त्या दिवशी हात फिरवणं, चालणं, घरकाम सगळं चालू ठेवा.

वाढवायचं कसं

आता मुद्द्याचं. प्रत्येक व्यायाम तीन सेट, म्हणजे मध्ये थोडं थांबत तीन फेऱ्या, आणि एका सेटमध्ये सुरुवात १० वेळांपासून. वजन असं निवडा की शेवटचे दोन-तीन वेळा जड जातील पण हालचाल बिघडणार नाही, खांदा कानाकडे उचलला जाणार नाही, अंग वाकडं होणार नाही. गप्पा मारत दहा सहज होत असतील तर ते वजन हलकं आहे, समजून जा. दर वेळी एखाद-दुसरा वाढवत १५ वर या. तीन सेट पंधराचे सलग दोन वेळा नीट झाले आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा शांत होता, की वजन वाढवा, बाटलीत पाव लिटर पाणी जास्त, आणि मोजणी परत ८-१० वर आणा. तिथून परत १५ कडे. हेच चक्र फिरवत राहायचं.

एका वेळी एकच गोष्ट बदला, हे फार महत्त्वाचं आहे. वजन वाढवलं तर उंची तीच ठेवा, हात डोक्याच्या वर न्यायला सुरुवात केली तर वजन उलट कमी करा, वेग वाढवायचा तर बाकी सगळं जुनंच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दुखलं तर कशामुळे दुखलं हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही.

बँडचे रंग थेराबँड कंपनीचे पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा असे चढत्या क्रमाने असतात, पण दुसऱ्या कंपनीचा लाल वेगळाच निघू शकतो, त्यामुळे एकाच कंपनीचे घ्या. नवा रंग आला की पहिले दोन-तीन दिवस बँड थोडा सैल धरून सुरू करा, कारण एका रंगावरून दुसऱ्यावर उडी बाटलीतल्या पाण्यापेक्षा मोठी असते. खरं सांगायचं तर सुरुवातीच्या महिन्यात मला बाटलीच जास्त आवडते, मोजून वाढवता येते.

प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं नाव इथल्या मराठी घरांत कुणाला सांगावं लागत नाही, आजोबा-काका कुणीतरी तिथल्या मातीत खेळलेले असतात. अशा आखाड्यात तयार झालेल्या म्हाताऱ्या माणसांना मी हा नियम सांगते तेव्हा त्यांना तो लगेच पटतो, कारण नवीन पोराच्या हातात कुणी पहिल्याच दिवशी मोठं मुद्गल देत नाही आणि सहा महिन्यांनी छोटंच मुद्गल फिरवत बसलेल्या पोराला वस्ताद विचारतोच, की बाबा वाढवणार कधी.

तिसरा टप्पा, जड आणि डोक्याच्या वर

दुसऱ्या टप्प्यात पूर्ण एक किलोची बाटली कोपर सरळ ठेवून खांद्याच्या उंचीपर्यंत पंधरा वेळा होतेय, भिंतीवरचे जोर सोपे झालेत, मग पुढे. बहुतेकांना इथे यायला सहा आठवडे तरी लागतात, काहींना जास्त, घाई नको.

इथे वेळा कमी आणि वजन जास्त, ८ ते १० वेळा, तीन-चार सेट. भिंत सोडून स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकून जोर, मग भक्कम खुर्चीवर, आणि ज्यांना पाहिजे त्यांनी जमिनीवर. हात बाहेर फिरवायचा व्यायाम आता कोपर उचलून, टेबलावर कोपर टेकवून दंड बाजूला खांद्याच्या उंचीला ठेवायचा आणि तिथून बाटली फिरवायची, हे जड जातं म्हणून अर्ध्या किलोपासून परत सुरुवात. आणि डोक्याच्या वर ढकलणं, बाटली खांद्यापाशी धरून वर, आधी भिंतीला पाठ टेकून बसून, मग उभं राहून. गव्हाच्या पिठाची दोन किलोची पिशवी पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये घालून ती दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून ठेवायची, हे माळ्यावर डबा ठेवण्याच्या कामाची प्रॅक्टिसच झाली.

हा टप्पा बायका सोडून देतात, दुखणं कमी झालं की बास म्हणतात. मग दिवाळीच्या सफाईला परत तोच खांदा धरतो. रोजच्या आयुष्यात पाण्याची भरलेली बादली दहा-बारा किलोची उचलता, अ‍ॅक्टिव्हा मागे ओढून स्टँडवर लावता, सिलिंडर सरकवता, आणि व्यायाम अर्ध्या किलोवर थांबवता, तर तो खांदा ह्या कामांना तयार झाला कुठे? ताई, काकू, मावशी, सगळ्यांना सांगते, वजन उचला, हात जाड होत नाहीत, हात कामाचे होतात.

चौथा टप्पा, वेग

हा सगळ्यांना लागत नाही. पतंग, क्रिकेट, बॅडमिंटन, ढोल, पोहणं, ज्यांना ह्यातलं काही करायचंय त्यांच्यासाठी. आतापर्यंत सगळं हळू केलं, पण पतंगाची दोरी हळू खेचत नाहीत. बँड वेगाने ओढायचा आणि ताब्यात ठेवत सोडायचा, हलका बॉल भिंतीवर फेकून झेलायचा आधी खालून मग खांद्यावरून, हलकं मुद्गल असेल तर ते फिरवा. इथे वजनापेक्षा किती वेळा केलं ते मोजा. २० फेकांपासून सुरू करून आठवड्याला थोडे थोडे वाढवा, आणि वेगाच्या कामानंतर दुसऱ्या दिवशी वजनाचा व्यायाम नको.

उत्तरायणसाठी तयार व्हायचं तर कोजागिरीच्या सुमारास सुरुवात करा, तीन महिने मिळतात. आणि त्या दिवशी सुद्धा पहाटेपासून रात्रीपर्यंत सलग नको, अर्धा-पाऊण तास उडवा, फिरकी धरायला बसा, उंधियो खा, परत उभे राहा. गोलंदाजी करणाऱ्या मुलांनी पहिल्या आठवड्यात दोन-तीन ओव्हर अर्ध्या वेगाने, मग वेग तोच ठेवून ओव्हर वाढवायच्या, मग वेग. दोन्ही एकदम नाही.

बिघडलं तर

बिघडणारच कधीतरी. कुणाच्या लग्नात सामान उचललं, ट्रेनमध्ये बॅग वर टाकली, वाईट कुशीवर झोप लागली. दोन-तीन दिवस पहिल्या टप्प्यातलं ढकलून धरणं चालू ठेवा, शेक बरा वाटत असेल तर शेक, बर्फ बरा वाटत असेल तर बर्फ, गोळी डॉक्टरला विचारून. मग शेवटी जे वजन आरामात होत होतं त्याच्या एक पायरी खाली या आणि परत चढा. दुसऱ्या वेळी चढायला पहिल्याइतका वेळ लागत नाही. शून्यावर परत जायची गरज जवळजवळ कधीच नसते.

मालिश आणि मशीनच्या शेकाने बरं वाटतं, मी कुणाला अडवत नाही, पण त्याने टेंडनला ताकद येत नाही एवढं लक्षात ठेवा. स्टिरॉइडच्या इंजेक्शनबद्दल तर चांगला पुरावा आहे, २०२१ मध्ये लॅन्सेटमध्येच ब्रिटनमधल्या ७०८ लोकांचा अभ्यास आला, इंजेक्शनने सुरुवातीच्या आठवड्यांत थोडा आराम मिळाला पण वर्षभराने फरक उरला नाही. झोपच लागत नसेल तर डॉक्टरांशी बोलून घ्या, मात्र इंजेक्शननंतर दुखत नाही म्हणून लगेच वजन वाढवू नका. ह्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली जी मला पेशंटच्या खिशाच्या दृष्टीने फार मोलाची वाटते, एका गटाला फिजिओकडे सहापर्यंत भेटी आणि दुसऱ्या गटाला एकच भेट, पण त्या एका भेटीत नीट समजावून घरी करायचा व्यायाम दिला, आणि वर्षभरात दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. तेव्हा रोज पैसे भरून क्लिनिकला यावंच लागतं असं नाही. नीट शिकून घ्या, घरी करा, अडलं तर या. आणि ज्यांना तेवढंही परवडत नाही त्यांच्यासाठी आपल्या सयाजी हॉस्पिटलच्या आवारात सरकारी फिजिओथेरपी कॉलेज आहे, तिथे दाखवा.

शुगर ताब्यात नसेल तर टेंडन हळू सुधारतं, तंबाखू-सिगारेटनेही तसंच, म्हणून व्यायामाबरोबर तेही बघा.

१२ आठवडे मनापासून वाढवत नेलं, कालनिर्णयवर आकडे आहेत, आणि तरी काहीच हललं नाही, तर परत तपासून घ्या, कदाचित दुखणं मानेतून येत असेल किंवा निदानच वेगळं असेल. येताना ते कॅलेंडर घेऊन या. आणि बरं झालंत तर आठवड्यातून दोन दिवस चालू ठेवा, तिसऱ्या टप्प्यातले तीन व्यायाम, दोन्ही हातांचे, कारण दुसरा खांदाही त्याच वयाचा आहे. वीस मिनिटं लागतात.